पुढच्या वर्षी पाचवी, माध्यम इंग्रजी: घरी आपण नेमकं काय करावं?

सुरंगी (डिचोली)

नमस्कार मंडळी. माझा मुलगा गावातल्या सरकारी मराठी शाळेत चौथीत आहे. शाळेबद्दल तक्रार काहीच नाही, बाई जीव लावून शिकवतात आणि पोरगा उड्या मारत जातो. पण जूनपासून पाचवी, म्हणजे हायस्कूल, आणि तिथे गणित-विज्ञान सगळं इंग्रजीतून. गोव्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकलेल्या मुलांना हे चुकत नाही.

शेजारीपाजारी आतापासूनच ट्यूशन लाव म्हणून मागे लागलेत. एकाने तर सांगितलं, घरात मराठी बोलणंच बंद करा. मी एका कार्यालयात कारकून, नवरा ट्रक चालवतो. दोघांचंही इंग्रजी अर्ज लिहिण्यापुरतं. संध्याकाळी जो काय वेळ मिळतो त्यात त्याची दुसरी शाळा भरवायची माझी अजिबात इच्छा नाही. पण हात बांधून बसवतही नाही. शाळेबाहेर, म्हणजे घरात, गावात, सुट्टीत आईबापांनी काय केलं तर मुलाचं शिकणं खरोखर पुढे सरकतं? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

झुआरीपार

ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. ट्यूशन लावा. पहिल्या चाचणीचा पेपर हातात घेऊन पोर रडत घरी आलं की बाकी सगळे विचार बाजूला राहतात. आमच्या मुलीला पाचवीत गणित येत होतं, पण प्रश्न काय विचारलाय तेच कळत नव्हतं. ट्यूशनच्या बाईंनी ते सावरलं.

मास्तर_सत्तरी

प्राथमिक शिक्षक म्हणून उभी नोकरी सत्तरी तालुक्यातल्या शाळांत केली, आता निवृत्त आहे. सुरंगीताई, घरातलं मराठी बंद करायचा सल्ला कृपा करून ऐकू नका. नवीन शैक्षणिक धोरण 2020 मध्येसुद्धा निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलेलं आहे, आणि ते उगाच नाही. मूल विचार करतं ते ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत. ती काढून घेतली आणि जागी आपली मोडकीतोडकी इंग्रजी दिली, तर संध्याकाळच्या गप्पाच संपतात. "ये, बस, खा, झोप" एवढंच उरतं. मुलाला "का" विचारायला आणि आपल्याला त्याचं उत्तर द्यायला भाषा भरपूर लागते. ती तुमच्याकडे मराठीत आहे, कोकणीत आहे. तीच सढळ हाताने द्या.

झुआरीपार म्हणतात ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. गणित येतं पण प्रश्न कळत नाही. त्यावर उपाय आहे आणि तो घरी करण्यासारखा आहे, पण आधी इतरांना बोलू दे. माझी गाडी सुरू झाली की थांबत नाही.

मानशीकाठी

दिवाडी बेटावरची आहे. माझा अनुभव लिहिते, जरा लांबेल.

आमच्या घरामागे खाजन शेत आहे. बाहेरच्यांसाठी सांगते: नदीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, आणि बांधात मानस. मानशीला लाकडी दारं असतात. भरतीचं पाणी बाहेरून दाबायला लागलं की ती आपोआप मिटतात, आणि सुकती लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही. माझ्या मुलाने सहावीत असताना एकदा आजोबांना विचारलं, "दार नेमकं किती वाजता मिटतं?" आजोबा म्हणाले, "तूच बघ."

मग काय, रोज संध्याकाळी वही घेऊन बांधावर. दारं एकदम धाडकन मिटत नाहीत. आधी पाणी थबकल्यासारखं होतं, त्यावरचा पालापाचोळा बाहेर जायचा थांबतो आणि जागच्या जागी गोल फिरू लागतो. मग दोन्ही दारं हळूहळू जवळ येतात, शेवटच्या बोटभर फटीतून पाणी जोरात सुळकन आत येतं, आणि लाकूड लाकडाला टेकल्याचा आवाज होतो. त्या आवाजाची वेळ तो लिहायचा. थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की वेळ रोज पाऊण तास, कधी तासभर पुढे सरकते. सरासरी काढायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला ती हवी होती म्हणून त्याने शिकून घेतली. पन्नास मिनिटांच्या आसपास आली.

आजोबांनी मग जुना हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. म्हणजे अष्टमीला सहा. पोराने ताडून पाहिलं तर आमच्याकडे ते नेमकं बसेना. का बसेना यावर घरात जेवताना जे वाद झाले, त्यात चंद्राचं रोज उशिरा उगवणं आलं, समुद्राचं पाणी मांडवीतून आत यायला लागणारा वेळ आला, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आलं. मी फक्त ताटं वाढत होते आणि अधूनमधून "मग असं का?" विचारत होते. आईबापांचं काम एवढंच असतं असं माझं मत आहे. उत्तर माहीत असण्याची सक्ती नाही.

पेडण्याचो_पोर

तिथीची पाऊणपट! आमचे पप्पा अजून असंच सांगतात, गरी घेऊन निघण्याआधी. वाचनखूण साठवली.

वास्कोतला_बाबा

मानशीकाठीताई, वाचून फार छान वाटलं. पण एक बोलू का? हे सगळं ज्यांच्या घरामागे खाजन आहे त्यांच्यासाठी. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, मी पाळीत काम करतो, बायको दुकानात. आजोबा सिंधुदुर्गात गावी. बांध नाही, कुळागर (सुपारी-नारळाची बाग) नाही. अशा आईबापांनी काय करायचं? प्रत्येक वेळी असे धागे वाचले की वाटतं, आपल्या पोरीला आपण काहीच देत नाही.

म्हापशेकरीण

बाबा, असं म्हणू नका हो. बाजार तर आहे ना तुमच्याकडे?

आमच्या घरी मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी भरायची यादी मुली करतात. मिरची, कांद्यांच्या माळी, सुकी मासळी, सोलं, चिंच, मीठ, तांदूळ. चार महिन्यांना किती लागेल? मागच्या वर्षी किती उरलं? शुक्रवारच्या बाजारात दर काय आणि कोपऱ्यावरच्या दुकानात काय? धाकटी नऊ वर्षांची आहे. तिने हिशोब केला की आपण आठवड्याला साधारण एवढे कांदे संपवतो, म्हणून एवढ्या माळी. मग बाजारात मी मागे उभी राहते, घासाघीस ती करते. मानकुराद आंब्याचा डझनाचा भाव ऐकून एकेकाची किंमत मनातल्या मनात काढते आणि मला खुणेने सांगते, घे की नको. भागाकाराचं पान तिला आता घाबरवत नाही.

यात पैसा जास्त लागत नाही. वेळ मात्र लागतो, कारण मुलीला हिशोब करू दिला की बाजार लवकर उरकत नाही. तो वेळ द्यावा.

सागरवेळ

वास्कोतला_बाबा, तुम्ही वास्कोत राहता आणि म्हणता काही नाही! बायणाच्या किनाऱ्यावर लेकीला घेऊन जा. नांगरलेल्या बोटी दिसतात. साधी दुर्बीण कुणाकडून मागून घ्या. प्रत्येक बोटीच्या मागच्या बाजूला तिचं नाव आणि खाली नोंदणीचं बंदर लिहिलेलं असतं. पनामा, मोनरोव्हिया अशी नावं वारंवार दिसतील. घरी नकाशात शोधा. मग मुलगी विचारेलच की एवढ्याशा पनामाच्या इतक्या बोटी कशा? तिथून पुढे नोंदणीची फी, कर, कायदे, सगळं निघतं. मी बंदरात कामाला होतो, माझ्या भाच्यांना असंच भूगोलाचं वेड लागलं.

वास्कोतला_बाबा

हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं. रोज त्या बोटी बघतो. रविवारी नेतो.

कुळागरी

फोंड्याहून. माटोळीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

चवथीला गणपतीवर फळा-पानांची जी माटोळी बांधतो, तिच्यासाठी आमच्याकडे मुलं आणि मोठे मिळून रान पालथं घालतात. नारळाची पेंड, सुपारीची शिपटी, तोरिंजन, आंबाडे, चिबूड हे बागेतलं. पण खरी मजा रानातल्या वस्तूंत: कांगलां, हरणं (प्राणी नव्हे), माट्टीची फळं, घागऱ्या, कवंडळ. घागऱ्यांच्या वाळक्या शेंगा हलवल्या की आतलं बी खुळखुळतं. कवंडळ दिसायला लालबुंद, देखणं, पण तोंडात घालायचं नाही, हे प्रत्येक मुलाला पहिल्याच वर्षी शिकवतो. कुठली वेल कुठल्या झाडावर चढते, कुठलं फळ सावलीतच मिळतं, यंदा एखादं मिळालं नाही तर का मिळालं नाही, हे सगळं चालता चालता निघतं.

माझ्या पुतणीने गेल्या चवथीला माटोळीतल्या प्रत्येक वस्तूची चिठ्ठी केली: घरचं नाव, शास्त्रीय नाव, कुठे सापडली, कशासाठी वापरतात. शास्त्रीय नावं हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंना विचारून घेतली. बाईही खूश. दर्शनाला येणारी माणसं गणपतीपेक्षा चिठ्ठ्यांपुढेच जास्त वेळ उभी! कला आणि संस्कृती संचालनालय दर वर्षी माटोळीची स्पर्धा घेतं, पुढच्या वेळी तिचं नाव द्यायचं म्हणतोय.

एक विनंती मात्र आहे. रानातून ओरबाडून आणू नका. दोन-चार ठेवून बाकी वेलीवरच राहू द्या, आणि मुलांनाही हे सांगा.

फटाकडी

आणि दिवाळीतला नरकासुराचा पुतळा? आमच्या वाड्यावरच्या पोरांनी गेल्या दिवाळीला नरकासुराचे डोळे फिरते केले. जुन्या पंख्याची मोटर, सायकलची साखळी, दिव्यांची माळ. माझ्या मुलाला तेव्हा समांतर जोडणी कळली, कारण एक दिवा गेला की सगळा नरकासुर आंधळा व्हायचा. पहाटे त्याला जाळताना सगळ्यात जास्त रडला तो इलेक्ट्रिशियन.

मास्तर_सत्तरी

फटाकडीताई, हसून पुरेवाट झाली. मोटर-बिटर आधी काढून ठेवली असेल अशी आशा करतो.

फटाकडी

काढली मास्तर, काढली! ती पुढच्या वर्षीच्या नरकासुरासाठी आमच्या पलंगाखाली आहे.

पाटोकडे

मी पणजीत काम करते, मुलांना घेऊन कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात नेहमी जाते. 1832 साली सुरू झालेलं ग्रंथालय आहे, आता पाटोवरच्या मोठ्या इमारतीत. मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. आमचा नियम एकच: पुस्तक मूल निवडणार. पातळ, जाड, चित्रांचं, पुन्हा तेच तेच, काही हरकत नाही. मिरामारचं विज्ञान केंद्र आणि कांपालचं बालभवनही चांगलं आहे. बालभवनाची केंद्रं बाहेर गावांतही आहेत, तबला, गाणं, चित्रकला, नाच शिकवतात. डिचोली परिसराची चौकशी करा.

पण सगळ्यात जास्त फायदा झाला तो मोठ्याने वाचून दाखवण्याचा. मुलांना वाचता येऊ लागलं की आपण थांबतो. थांबू नये. माझा मुलगा सातवीत आहे, अजून झोपताना मी वाचते. त्याला स्वतःला जड जाईल असं पुस्तक त्यामुळे त्याच्या कानावर पडतं.

मास्तर_सत्तरी

पाटोकडे यांच्याशी पूर्ण सहमत. अवांतर होईल, पण राहवत नाही. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म 1876. शाळा जेमतेम झालेली. एका मराठी बालमासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि मनाने घेतलं. 1899 मध्ये घर सोडलं, पुढे पाली भाषेचे एवढे मोठे पंडित झाले की हार्वर्डला जाऊन काम केलं. मुलाच्या हाती काय पडेल आणि त्यातून काय उगवेल, आधी सांगता येत नाही. म्हणून हाती पडत राहिलं पाहिजे.

केपेची_लेक

आमच्या भागात या एकदा. रिवणच्या पुढे उसगाळीमळ, कुशावतीच्या काठी. जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर आदिमानवाने कोरलेली चित्रं आहेत: बैल, हरणं, मोर, आणि एक मोठं गोल चक्र, एकात एक वाटा असलेलं. अभ्यासकांना ती 1993 मध्ये कळली, गावच्या लोकांना आधीपासून ठाऊक होती. पाऊस संपल्यावर जा. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात गेलात तर तिरप्या प्रकाशात रेषा उठून दिसतात, भर दुपारी बैल शोधावा लागतो.

मुलांना माहितीचा फलक वाचून दाखवू नका. आधी सोडून द्या. माझी मुलं त्या चक्राच्या वाटेवरून बोट फिरवत राहिली, आणि मग धाकट्याने विचारलं, "लोखंड नव्हतं तर कोरलं कशाने?" त्या प्रश्नावर परतीचा सगळा प्रवास गेला.

ओवळ

इथे सगळ्यांची मुलं हुशार दिसतात, म्हणून लिहायला जरा संकोच वाटत होता. माझ्या मुलीला वाचनच जड जातं. अक्षरं उलटसुलट होतात, ओळ सुटते. दोन वर्षं "लक्ष देत नाही" हेच ऐकलं, घरातही आणि बाहेरही. शेवटी तपासणी करून घेतली, तेव्हा कळलं की ही अध्ययन अक्षमता आहे. आता तिला वेगळ्या पद्धतीने शिकवतात.

घरी आम्ही काय केलं ते सांगते. तिच्या मामांच्या भजनी मंडळात तिला बसवलं. घुमट वाजवते. (2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता शेळीचं, तिला हे सगळं पाठ आहे.) चवथीच्या आरत्यांना ती बायकांच्या फळीत पहिली असते. कागदावरच्या चार ओळी तिला छळतात, पण आरतीची लांबलचक कडवी तालासकट तोंडपाठ. ज्या मुलीला आपण कशातच नाही असं वाटत होतं, तिला लोक "ताल दे गो बाय" म्हणून हाक मारतात. त्यानंतर तिने आपणहून आरतीचं पुस्तक उघडलं. शब्द माहीत होते, म्हणून अक्षरं सापडत गेली.

ज्यांना अशी शंका असेल त्यांनी वाट बघू नका, लवकर तपासून घ्या.

सुरंगी

ओवळताई, संकोच कसला, तुमचं लिहिणं सगळ्यात आधी नवऱ्याला वाचून दाखवलं.

झुआरीपार

सगळं वाचतोय आणि मनापासून आवडतंय. पण धागा भरकटला. ताईंचा प्रश्न पाचवीचा होता. भरती-ओहोटी, माटोळी, घुमट, मान्य. पण जूनमध्ये पुस्तकात "लार्जेस्ट फोर डिजिट नंबर" आला की घुमट कामाला येत नाही. आणि आता सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलातच सुरू होतात, म्हणजे सहावीपासून मोठी सुट्टीही आखूड. मास्तर, तुम्ही उपाय सांगणार होता.

मास्तर_सत्तरी

सांगतो. बरोबर आठवण केली.

चौथीच्या परीक्षेनंतर जी सुट्टी मिळेल तिचा उपयोग करा. पाचवीची गणित आणि विज्ञानाची पुस्तकं कुणाकडून तरी जुनी मिळवा. रोज अर्धा तास, त्याहून जास्त नको. धडा शिकवायचा नाही. पान उघडायचं, चित्र बघायचं, आणि मुलाने चित्रात काय चाललंय ते मराठीत सांगायचं. बी रुजतंय, पाणी उकळतंय, अपूर्णांकाची भाकरी कापली आहे. यातलं बहुतेक त्याला येतच असतं. मग त्या पानावरचे चार-पाच इंग्रजी शब्द शोधायचे जे या ओळखीच्या गोष्टींची नावं आहेत. बेरीज म्हणजे ॲडिशन, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, रूट म्हणजे मूळ. ती त्याने वहीत लिहायची, जोडीला स्वतः काढलेलं चित्र. तुम्हाला उच्चार येत नसला तर मोबाइलला विचारा, तो न कंटाळता सांगतो. मोबाइलचा तो उपयोग मला मान्य आहे.

दुसरं. गणितात मुलं अडतात ती आज्ञेच्या शब्दांवर. फाइंड, कम्पेअर, अरेंज, हाऊ मेनी मोअर, हाऊ मच लेफ्ट. हे शब्द थोडेच आहेत आणि पुन्हा पुन्हा तेच येतात. ते घरातल्या कामात वापरा. भाजी निवडताना "अरेंज इन असेंडिंग ऑर्डर" म्हणून भेंड्या लावायला सांगा. म्हापशेकरणीच्या मुलीने बाजारात जे केलं तेच गणित, फक्त वरची पाटी इंग्रजी.

आणि झुआरीपार, म्हणूनच मी घुमट आणि मानस बिनकामाची मानत नाही. ज्याने भरती मोजली आहे त्याला "टाइड" हा एक शब्द शिकायचा आहे. ज्याने मोजली नाही त्याला शब्द आणि गोष्ट दोन्ही एकाच वेळी शिकायच्या आहेत, तेही परक्या भाषेत. वर्गात मागे पडतो तो हा दुसरा. एवढं करूनही पहिल्या सत्रानंतर अडलं तर खुशाल ट्यूशन लावा, त्यात कमीपणा नाही. पण आधी वर्गशिक्षकांना जाऊन भेटा. मूल कुठे अडतंय हे त्यांना नेमकं विचारा, आणि घरी त्याला काय काय येतं हे तुम्ही त्यांना सांगा. आईबाप शाळेत बहुतेक तक्रार घेऊन येतात. मुलाला काय येतं हे सांगायला कुणी आलं तर शिक्षकाला फार बरं वाटतं, स्वानुभवाने सांगतो.

झुआरीपार

हे पटलं. ट्यूशन पहिल्या दिवसापासून नको, इथपर्यंत मी यायला तयार आहे. आज्ञांच्या शब्दांची यादी कुणी करून इथे टाकेल का? पुष्कळांना लागेल.

पाटोकडे

मी करते. मुलाची पाचवी-सहावीची पुस्तकं चाळून आठवडाभरात टाकते. मास्तर, तपासून द्याल?

मास्तर_सत्तरी

आनंदाने.

वास्कोतला_बाबा

रविवारी बायणाला जाऊन आलो. दुर्बीण मित्राची. एक बोट मोनरोव्हियाची होती. मुलीने नकाशात लायबेरिया शोधला आणि आता विचारते की त्या बोटीवरचे लोक जेवतात काय. सागरवेळ, उत्तर द्या!

सागरवेळ

खलाशी आपल्याकडचे असले तर भात-आमटीच, बाबा! फिलिपिन्सचेही पुष्कळ असतात, तेही भातखाऊ. तिला विचारा, महिनाभर समुद्रात राहायचं तर गोडं पाणी कुठून आणत असतील? उत्तर लगेच सांगू नका.

सुरंगी

इतकं भरभरून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. आमचं ठरलं ते सांगते. घरात मराठी आणि कोकणी चालू राहणार, यावर नवरा-बायकोचं एकमत झालं. मास्तरांची अर्ध्या तासाची पद्धत परीक्षा झाली की सुरू करू. नवऱ्याने स्वतःहून एक गोष्ट उचलली: ट्रकच्या फेऱ्यांची, डिझेलची आणि किलोमीटरची वही आता मुलगा लिहिणार, लिटरला किती पडलं हेही तोच काढणार. कालच बसले होते दोघे. एका फेरीचा आकडा जुळेना, तर पोराने बापाला विचारलं, "गाडी रिकामी होती की भरलेली?" बाप माझ्याकडे बघतच राहिला.

आता फक्त पाचवीची जुनी पुस्तकं हवीत. कुणाकडे आहेत का?

म्हापशेकरीण

थोरलीची आहेत, गणित आणि विज्ञान दोन्ही. कव्हरं फाटलीत, पानं शाबूत. पुढच्या शुक्रवारी बाजाराला येणार असाल तर तिथेच देते. मुलाला बरोबर आणा, कांद्यांचा भाव माझी धाकटी त्याला सांगेल.